यमुनेचे माहेर बेळगाव : बाबा पदमनजी आणि पहिली मराठी कादंबरी

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील मराठी संस्थांच्या वतीने द्यावयाच्या एका निवेदनाचा मसुदा तयार करण्याचे काम आमच्याकडे आले होते. बेळगाव व परिसराने मराठी भाषेला आणि वाङ्मयाला काय दिले, याची एक यादी त्यास जोडायची होती. कालक्रमानुसार यादी करावयाची म्हटल्यावर आम्ही पहिले नाव लिहिले ते बाबा पदमनजी यांचे. बैठकीत मसुदा वाचला गेला, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आमच्याविषयी पूर्ण आदर राखून विचारले, "वकीलसाहेब, हे नाव अगदी पहिलं कशाला? ते तर बाटले होते ना?" त्यावर कोणी वाद घातला नाही. आम्हीही घातला नाही. निवेदन वेळेत जायला हवे होते, आणि अशा बैठकीत एकवाक्यता टिकवणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानीत होतो. नाव आधी खाली सरकले आणि अंतिम प्रतीतून गळले.

न्यायालयात एखादा महत्त्वाचा दस्तऐवज हजर करायचा राहून गेला, तर वकिलाला त्याची रुखरुख वर्षानुवर्षे लागते. ही त्यापैकीच एक. बाबा पदमनजी हे बेळगावचे. १८५७ साली त्यांनी लिहिलेले 'यमुनापर्यटन' हे पुस्तक मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून वाङ्मयेतिहासात गणले जाते. या कादंबरीत जे बळ आहे ते लेखकाच्या आयुष्यातून आले आहे, आणि तिच्यात जे वैगुण्य आहे तेही तेथूनच आले आहे. दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या, तर आमच्या बैठकीत ते नाव का गळले याचाही उलगडा होतो.

पदमनजींचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगावात झाला. मूळ आडनाव मुळे, जात त्वष्टा कासार. पेशवाई बुडून तेरा वर्षे झाली होती. बेळगावचा किल्ला १८१८ साली कंपनी सरकारच्या हाती गेला होता. बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा मात्र अजून व्हायचा होता, तो धारवाडातून वेगळा निघाला १८३६ साली. मुलूख मुंबई इलाख्याचा. गावात मराठी, कानडी, दखनी आणि कोकणी या भाषा एकाच बाजारपेठेत नांदत होत्या, आणि छावणीमुळे त्यांत आणखी भाषांची भर पडत होती. आजच्या वादाच्या भिंगातून तो काळ पाहणे योग्य नाही. त्या गावच्या माणसाला दोन-तीन भाषा कानावर पडणे हे पाणी भरण्याइतके नित्याचे होते. पण पदमनजी लिहू लागले ते मराठीत, आणि जवळजवळ अर्धशतक मराठीतच लिहीत राहिले.

१८३१ हेच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीचेही वर्ष. दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली १८५७ साली, म्हणजे 'यमुनापर्यटना'च्याच वर्षी. आणि त्या थोरल्या कोशाचा संक्षेप करून १८६३ साली तो सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिला, तो याच बाबा पदमनजींनी. त्याआधी १८६० साली त्यांची 'शब्दरत्नावली' प्रसिद्ध झाली होती. मराठी शब्दांची इतकी मशागत करणाऱ्या माणसाला मराठीच्या यादीतून वगळण्याचे काम आमच्यासारख्या भाषाभिमान्यांच्या बैठकीत व्हावे, ही गोष्ट आम्हाला आजही बोचते.

पदमनजींच्या बालपणाविषयी आपल्याला जे कळते त्यातील बरेचसे त्यांच्याच 'अरुणोदय' या आत्मचरित्रातून. ते १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. घर देवाधर्माचे होते. मुलगाही भाविक होता. व्रते, पूजा, पुराणश्रवण यांत त्याचे मन रमत असे. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, म्हणून मुलाने नवे शिक्षण घ्यावे हे ओघानेच आले. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० पासून सुरू होते. त्या मिशनऱ्यांच्या शाळेत तो गेला. घरी एक जग आणि शाळेत दुसरे, अशा दोन जगांत त्याची वाढ झाली. पुढे तो मुंबईस शिकावयास गेला. तेथील सुशिक्षित तरुणांत त्या काळी मोठी खळबळ होती. दादोबा पांडुरंग आदींनी १८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी असे सभासदांचे मत. पण हे सगळे गुप्तपणे. परजातीच्या हातचा पाव सभेत खावा आणि घरी जाऊन पंक्तीत सोवळ्याने बसावे. पदमनजी या सभेचे सभासद होते, आणि तिच्याविषयी आज जी माहिती मिळते तिचा एक प्रमुख आधार 'अरुणोदय' हाच आहे.

सभासदांच्या या दुहेरी वागण्याची टवाळी करणे आज सोपे आहे. पण त्यांना भय कशाचे होते ते पाहिले पाहिजे. भय सरकारचे नव्हते. दंडाचे किंवा तुरुंगाचेही नव्हते. जातीने वाळीत टाकले म्हणजे न्हावी येत नाही, पाणी बंद होते, मुलीला स्थळ येत नाही, मेल्यावर खांदा मिळत नाही. ही शिक्षा कोणत्याही संहितेत लिहिलेली नव्हती, आणि तिच्यावर अपील नव्हते. ती सुनावली जाई ओसरीवर, आणि तिची अंमलबजावणी होई स्वयंपाकघरात. पदमनजींनी ही शिक्षा स्वतःवर ओढवून घेतली. सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो मुंबईच्या गर्दीत नव्हे तर बेळगावात, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

येथे कायद्याची एक बाजू सांगितली पाहिजे. १८५० साली कंपनी सरकारने एकविसावा कायदा केला. जात किंवा धर्म सोडल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडू नये, असे त्याचे तात्पर्य. म्हणजे कागदोपत्री पाहता पदमनजींचे काहीच गेले नव्हते. पण वकिली करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, की वाटणीचा हुकूमनामा मिळतो, त्या घरातील जेवणाचे ताट मिळत नाही. वडिलार्जित मिळकतीत हिस्सा मागण्याचा हक्क आणि आईच्या हातचे पाणी पिण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली न्यायालय देऊ शकते, दुसरी देऊ शकत नाही. हा फरक पुस्तकात वाचून कळणे वेगळे आणि अंगावरून जाणे वेगळे. पदमनजींच्या तो अंगावरून गेला होता, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले.

ही कादंबरी विधवांची आहे. यमुना ही शिकलेली, विचार करणारी मुलगी. विनायक हा तिचा सुधारक वृत्तीचा पती. दोघे प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, आणि प्रत्येकीची एकेक हकिगत उलगडत जाते. कोणाला केशवपनासाठी बळेच बसवलेले, कोणी घरच्याच माणसांच्या छळाला कंटाळलेली, कोणी भलत्या वाटेला ढकललेली. पुढे विनायकाचा मृत्यू होतो, आणि आजवर इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्या रांगेत जाऊन उभी राहते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते. सारांश एवढाच.

या कथेच्या मागे लगतची एक घटना आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाचा पंधरावा कायदा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरला आणि त्या विवाहाची संतती औरस ठरली. सर्वसाधारण वाचकाला एवढेच माहीत असते. पण दुसरे कलम असे आहे, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येईल; जणू ती त्या दिवशी मृत झाली असे समजून ती मालमत्ता पुढच्या वारसांकडे जाईल. कायद्याने तिला एक दार उघडून दिले आणि त्याच क्षणी मागचे दार लावून घेतले. पुढे १८९१ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे असाही प्रश्न आला, की विधवेने आपण हिंदू नसल्याचे जाहीर करून मग दुसरा विवाह केला, तर १८५० चा कायदा तिच्या हक्काचे रक्षण करील काय? बहुमताने उत्तर मिळाले, नाही; हक्क गेला. हा मूळ कायदा कायदेपुस्तकातून रीतसर रद्द झाला तो १९८३ साली. म्हणजे पदमनजींनी आपल्या यमुनेला ज्या वाटेने नेले, नेमक्या त्याच वाटेवर चौतीस वर्षांनी कायद्याने आपला दगड ठेवलेला दिसतो.

हे लक्षात घेतले म्हणजे कादंबरीच्या शेवटाविषयी नेहमी घेतला जाणारा आक्षेप वेगळ्या उजेडात दिसू लागतो. आक्षेप असा, की हे धर्मप्रचाराचे पुस्तक आहे. यमुनेचा बाप्तिस्मा हे कथेचे फळ नसून लेखकाने आधीच ठरवलेले उत्तर आहे. आक्षेप खोटा नाही. पण आम्ही एक साधा उलट प्रश्न विचारू इच्छितो. १८५७ साली महाराष्ट्रातील एखादी तरुण ब्राह्मण विधवा केशवपनाच्या आदल्या रात्री घराबाहेर पडली असती, तर तिने जावे कोठे? जोतीराव फुल्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले १८६३ साली. विष्णुशास्त्री पंडितांची पुनर्विवाहाची चळवळ पुढच्या दशकातली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ सालचे, आणि धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ सालचा. या तारखा ओळीने मांडल्या, की १८५७ च्या रकान्यात मिशनच्या बंगल्याशिवाय फारसे काही सापडत नाही. घर सुटलेल्या माणसाला आत घेणारे एकच दार पदमनजींनी स्वतः पाहिले होते, आणि त्यांनी आपल्या नायिकेला तेच दाखवले. त्यात प्रचार आहे हे खरे. पण त्या प्रचाराखाली एका माणसाचा पत्ता शोधण्याचा खटाटोपही आहे.

मग वैगुण्य कोणते? आमच्या मते ते दुसरीकडे आहे. दार एकच उघडे आहे हे वस्तुस्थितीचे वर्णन झाले. दुसरे दार उघडूच शकत नाही, हा लेखकाचा निष्कर्ष झाला. पदमनजींच्या कादंबरीत हिंदू समाजातून उठणाऱ्या सुधारणेला पुरेशी जागा मिळत नाही. जुन्या वळणाची माणसे बहुधा एकाच रंगाने रंगवलेली असतात. त्यांच्या बाजूचे बोलणे ऐकून घेण्याआधीच निकाल लागलेला असतो. आम्ही व्यवसायाने ज्याला एकतर्फी निकाल म्हणतो, तसे हे आहे. आणि हेही आयुष्यातूनच आले. परमहंस सभेची गुप्तता पाहून ज्याचा आतल्या सुधारणेवरचा विश्वास उडाला, आणि ज्याने उघडपणे पाऊल टाकण्याची पूर्ण किंमत मोजली, त्याला अर्ध्या वाटेवर थबकलेल्या माणसांविषयी सहानुभूती राहणे अवघड असते. ज्या अनुभवाने विधवेचे एकाकीपण समजण्याची दृष्टी दिली, त्याच अनुभवाने तिच्या सासऱ्याच्या मनातली घालमेल पाहण्याची दृष्टी हिरावून घेतली.

येथे आणखी एक बाब नोंदवली पाहिजे, कारण ती सहसा विसरली जाते. स्त्रियांविषयीची पदमनजींची आस्था धर्मांतराने निर्माण केलेली नाही. त्यांचा 'स्त्रीविद्याभ्यास निबंध' १८५२ चा आहे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधीचा. प्रश्न त्यांना आधी भेटला, उत्तर नंतर. त्यामुळे धर्मप्रसारासाठी त्यांनी विधवांचे दुःख वापरले, असा जो आरोप कधीकधी केला जातो, तो तारखांच्या पुराव्यावर टिकत नाही.

पुस्तक निघाले तो काळही ध्यानात घ्यावा. १८५७ च्या उठावापूर्वी उत्तरेत ज्या तक्रारी कानोकान पसरत होत्या, त्यांत सरकार सर्वांना बाटवणार ही एक मुख्य होती. आणि तिच्या पुष्ट्यर्थ धर्म सोडणाऱ्याला वारसा देणारा १८५० चा कायदा व विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा यांची नावे घेतली जात होती. त्याच वर्षी एका धर्मांतरिताने, विधवेच्या बाप्तिस्म्यात शेवट होणारी कादंबरी छापावी, यापेक्षा प्रतिकूल मुहूर्त सापडला नसता. समाजाने हे पुस्तक मनाच्या कडेला ठेवले, यात नवल नाही.

तरीही या पुस्तकाने मराठी गद्याला काही दिले, ते आपल्या हिशेबात आले पाहिजे. त्याआधी मराठीत गोष्टी होत्या, बखरी होत्या, भाषांतरे होती. हरि केशवजींनी केलेले बन्यनच्या रूपककथेचे 'यात्रिक क्रमण' १८४१ साली आले होते; त्यातही प्रवास आहे, पण तो प्रवास सद्गुण-दुर्गुणांच्या नावाने वावरणाऱ्या पात्रांचा आहे. पदमनजींनी यात्रेचा सांगाडा ठेवला आणि वाटेवर खरी घरे उभी केली. ओसरी, माजघर, विहीर, न्हावी, सोवळे, भावजयीचे टोमणे, शेजारणीची कुजबुज. राजा नाही, परी नाही, अद्भुत नाही. बायका बोलतात त्या घरगुती मराठीत बोलतात. विद्यासागरांनी विधवांचा पक्ष मांडताना पराशरस्मृतीचा आधार शोधला. न्याय मागण्याची ती एक रीत झाली. पदमनजींचा भर वचनांपेक्षा हकिगतींवर आहे. एकामागून एक साक्षीदार पिंजऱ्यात यावे आणि प्रत्येकाने आपल्यापुरते सांगावे, तशी ही कादंबरी पुढे सरकते. कादंबरीच्या तंत्राने पाहता हे सैल आहे. पण मराठी घरातील सामान्य स्त्रीची जबानी ही छापून ठेवण्याजोगी वस्तू आहे, हा निवाडा येथे प्रथम झाला.

या निवाड्याची अंमलबजावणी व्हायला तीस वर्षे लागली. पदमनजींनंतरची मराठी कादंबरी दुसऱ्या वाटेने गेली. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. दोन्हींत अद्भुतरम्यतेचा थाट. घराकडे परत येणारी कादंबरी लिहिली ती हरि नारायण आपट्यांनी. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातही एक विधवा आहे, तिच्यावरही केशवपन लादले जाते, आणि तिचेही नाव यमुनाच आहे. आपट्यांनी हे नाव पदमनजींवरून घेतले असे आम्ही म्हणत नाही. यमुना हे त्या काळी घरोघरचे नाव होते. पण दोन यमुना शेजारी ठेवून पाहाव्यात. पदमनजींची यमुना इतरांच्या हकिगती ऐकत जाते. आपट्यांची यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते. पहिलीला सुटका मिळते, दुसरीला मिळत नाही. आपट्यांनी सुटकेचे दार लेखणीने उघडून दिले नाही, म्हणूनच वाचकाच्या मनात ती बोचणी राहिली आणि ती कादंबरी घराघरांत वाचली गेली. कलेच्या दृष्टीने दुसरी कादंबरी फार मोठी आहे. पण ज्या अंगणात ती उभी आहे, ते अंगण झाडून ठेवणारा माणूस बेळगावचा होता.

आणि तो एकटा नव्हता. ज्या 'मोचनगड' कादंबरीला मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात, तिचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचा जन्म १८४३ साली खानापूरजवळच्या जांबोटीचा. 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाच्या आरंभकाळाची धुरा त्यांनीच वाहिली, आणि 'मोचनगड' १८७१ साली आली. म्हणजे मराठीची पहिली सामाजिक कादंबरी आणि पहिली ऐतिहासिक कादंबरी, या दोन्हींच्या कर्त्यांचे जन्मगाव आजच्या बेळगाव जिल्ह्यात येते. आमच्या सभांतून गुंजीकरांचे नाव अधूनमधून ऐकू येते. शिवकालाची आणि गडाची कथा लिहिणारा माणूस आपला म्हणणे सोयीचे असते. विधवेची आणि बाप्तिस्म्याची कथा लिहिणारा आपला म्हणताना जीभ अडखळते.

येथे लेखाच्या आरंभी सांगितलेल्या त्या प्रसंगाकडे परत येणे भाग आहे. सीमाप्रश्नात आम्ही आयुष्याची बरीच वर्षे घालवली. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा. सर्वोच्च न्यायालयातील महाराष्ट्राचा दावा २००४ सालचा. या सर्व वाटचालीत आमचे म्हणणे एकच राहिले आहे, की प्रदेशाची ओळख तेथील माणसांच्या भाषेने ठरावी. धर्माने, जातीने किंवा राजवटीच्या सोयीने ठरू नये. भाषावार राज्यरचनेच्या मागणीचा हाच तर गाभा होता. हे तत्त्व आम्ही सरकारला सांगतो, आयोगांना सांगतो, न्यायालयाला सांगतो. आणि मग आमच्याच बैठकीत, एका माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिले हा पुरावा पुरेसा न मानता, तो कोणत्या देवळात जात होता याची चौकशी करतो. प्रतिपक्षाच्या वकिलाला ही विसंगती दाखवायची झाली, तर त्याला फार कष्ट पडणार नाहीत.

पदमनजी सत्तरी ओलांडून २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत वारले. लहानमोठी मिळून शंभराच्या वर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. धर्म बदलल्यावर त्यांना इंग्रजीकडे वळता आले असते; मिशनऱ्यांच्या वर्तुळात त्याला प्रतिष्ठाही होती. ते वळले नाहीत. जात त्यांच्यापासून गेली, घर गेले, गाव सुटले. भाषा त्यांनी सोडली नाही. नव्या कराराची टीका लिहिली ती मराठीत, कोश केले ते मराठीसाठी, आणि उतारवयात मागे वळून स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला तोही मराठीतच. घराचा उंबरठा ज्याला बंद झाला, त्याने भाषेतच घर केले, असे आम्हास वाटते.

गोव्यातील, इंदूर-ग्वाल्हेरातील, बडोद्यातील किंवा हैदराबादेतील मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी. ज्या राज्याची भाषा आपली नाही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी जपणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की भूमी, सत्ता, शेजार आणि कधीकधी उपासनाही बदलते. तरी माणूस मराठी राहू शकतो. गोव्यात तर पोर्तुगीज राजवटीत फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत गुंफली आणि १६१६ साली ती छापली गेली. मराठीने ती दूर लोटली नाही. 'ख्रिस्तपुराण' हे मराठीचे वैभव म्हणून आपण आजही मिरवतो. इंग्लंडात जन्मलेल्या पाद्र्याला जी जागा आपण दिली, ती बेळगावात जन्मलेल्या कासाराच्या मुलाला नाकारण्याचे कारण काय?

आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी मनात कटुता नाही. त्यांनी या चळवळीसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि त्यांचा प्रश्न द्वेषातून आलेला नव्हता. तो सवयीतून आला होता. दोष असेल तर आमचा अधिक, कारण उत्तर ठाऊक असून आम्ही गप्प राहिलो. पुन्हा असे निवेदन लिहिण्याची वेळ येईलच. या प्रश्नात ती येतच असते. त्या वेळी यादी कालक्रमानुसारच होईल, आणि पहिल्या ओळीवर १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे नाव असेल. कोणी हरकत घेतली, तर या वेळी युक्तिवाद करण्याची आमची तयारी आहे.